ओढता येते, पण थांबवता येते का?
ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वहनक्षमतेचा वस्तुनिष्ठ हिशेब

गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. पंजाब-हरियाणात गव्हाच्या हंगामानंतर भुशाने फुगलेल्या ट्रॉल्या अर्धा रस्ता व्यापून चालतात. भारतीय शेतीतील वाहतुकीचा फार मोठा भार ट्रॅक्टर वाहतो. वर्षातील कित्येक दिवस त्याच्यामागे नांगर नसतो, ट्रॉली असते. तरीही ट्रॅक्टर खरेदी करताना ‘हा किती टन ओढेल?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या अनुभवावरून किंवा विक्रेत्याच्या शब्दावरून मिळते. ‘पंचेचाळीसचा आहे, दहा टन सहज ओढतो,’ असे सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. पण हे उत्तर अपुरे आहे आणि त्या अपुरेपणातच धोका दडलेला आहे.

वाहन किती भार ओढू शकते आणि तोच भार किती सुरक्षितपणे रोखू शकते, या दोन स्वतंत्र क्षमता आहेत. पहिली मुख्यतः इंजिनावर अवलंबून असते, तर दुसरी ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनावर, चाकांच्या पकडीवर आणि ट्रॉलीला ब्रेक आहेत की नाहीत यावर. अश्वशक्तीचा आकडा केवळ पहिलीबद्दल बोलतो.

एकाच ट्रॅक्टरचे अनेक आकडे

ट्रॅक्टरवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. ती पीटीओपर्यंत आणि तेथून ड्रॉबारपर्यंत पोहोचेतो घटत जाते. कृषी अभियांत्रिकीत यासाठी ०.८६ चा एक सोपा ठोकताळा वापरतात. इंजिनाच्या अश्वशक्तीला ०.८६ ने गुणले की पीटीओची अश्वशक्ती मिळते. तिला पुन्हा ०.८६ ने गुणले की काँक्रीटवरील ड्रॉबारची, त्यानंतर अनुक्रमे घट्ट जमिनीवरील, नांगरलेल्या जमिनीवरील आणि भुसभुशीत जमिनीवरील अश्वशक्ती मिळते. या हिशेबाने ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची पीटीओवर सुमारे ३९, काँक्रीटवर ड्रॉबारला ३३, घट्ट जमिनीवर २९, नांगरटीत २५ आणि भुसभुशीत रानात २१ अश्वशक्ती उरते. म्हणजे शेतातून ट्रॉली बाहेर काढताना निम्म्याहून कमी शक्ती हाती असते.

आकड्यांविषयीचा हा संभ्रम नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ट्रॅक्टरची जोमाने विक्री सुरू झाली, तेव्हा जाहिरातीतील दावे आणि शेतातील प्रत्यक्ष काम यांत मोठी तफावत असे. नेब्रास्का राज्यातील शेतकरी आणि विधिमंडळ सदस्य विल्मॉट क्रोझियर यांनाही निकृष्ट ट्रॅक्टरचा फटका बसला होता. त्यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये त्या राज्यात ट्रॅक्टर चाचणीचा कायदा झाला. राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याची राज्य विद्यापीठात चाचणी अनिवार्य ठरली आणि १९२० मध्ये ‘वॉटर्लू बॉय’ हा ट्रॅक्टर पहिल्यांदा या चाचणीतून पार पडला. त्या काळी ट्रॅक्टर ‘१२-२५’ अशा जोड आकड्यांनी ओळखले जात. पहिला आकडा ड्रॉबारवरील अश्वशक्तीचा आणि दुसरा पट्ट्यावरील अश्वशक्तीचा असे. आज बाजारातील बोलण्यात इंजिनाचा एकच आकडा उरला आहे.

भारतात मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरची चाचणी करते. तिच्या अहवालात पीटीओ व ड्रॉबारच्या चाचण्यांबरोबर ट्रेलर-वाहतुकीची चाचणीही नोंदवलेली असते. चाचणीतील ट्रेलरचे एकूण वजन, सरासरी वेग, प्रतिटन प्रतिकिलोमीटर इंधन आणि ब्रेकची परिणामकारकता त्यात वाचायला मिळते. खरेदीपूर्वी हा अहवाल पाहणे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयुक्त ठरते. माहितीपत्रकात ठळकपणे छापलेली ‘उचल क्षमता’ मात्र हायड्रॉलिकच्या तीन बिंदू जोडणीची असते. अवजार उचलण्याच्या या आकड्याचा ट्रॉली ओढण्याशी संबंध नाही. तरीही अनेक जण दोहोंची गल्लत करतात.

सपाट रस्ता का फसवतो?

एक ठरावीक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा आणि दोन टन वजनाचा आहे. त्याच्यामागे चार चाकी, ब्रेक नसलेली ट्रॉली असून मालासह तिचे एकूण वजन दहा टन आहे. दोहोंचे मिळून बारा टन झाले.

सपाट डांबरी रस्त्यावर प्रत्येक टनाला चाकांचा रोध सुमारे २० किलोग्रॅम-बल असतो. बारा टनांसाठी तो २४० किलोग्रॅम-बल भरतो. हा रोध ओलांडून ताशी २० किलोमीटर वेगाने जाण्यासाठी चाकांपाशी केवळ १८ अश्वशक्ती लागते. ट्रॅक्टरला ते काम हलके वाटते, इंजिन कुरकुरत नाही आणि चालकाचा विश्वास वाढतो. पुढच्या खेपेला आणखी दोन टन भरले तरी फारसा फरक जाणवत नाही. बारा टन ओढणे सोपे आहे हा समज अशा रीतीने सपाट रस्त्यावर तयार होतो.

आता तोच जोड थांबवायचा आहे. आपल्याकडील बहुतेक दोन चाकी चालनाच्या ट्रॅक्टरांत ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. दोन टनांपैकी सुमारे १,३०० किलोग्रॅम वजन मागच्या चाकांवर येते. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या ७० टक्के धरली, तरी ब्रेक कितीही उत्तम असला तरी सुमारे ९०० किलोग्रॅम-बलापेक्षा अधिक रोधकबल मिळू शकत नाही. त्याहून जोराने ब्रेक दाबल्यास चाक अडकून घसरते. इंजिनाच्या साह्याने वेग कमी केला तरी ते बलही याच चाकांमार्फत जमिनीपर्यंत पोहोचते, म्हणून त्यालाही हीच मर्यादा लागू होते. शिवाय ब्रेक दाबताना भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि मागची पकड आणखी कमी होते. म्हणजे ९०० हा आकडा उदारपणे धरलेला आहे.

एवढ्या बलाने एकटा ट्रॅक्टर ताशी ३० किलोमीटर वेगावरून साडेसात मीटरमध्ये थांबतो. दहा टनांची ट्रॉली मागे असता त्याच वेगावरून थांबण्यासाठी ३७ मीटर लागतात. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात कापले जाणारे आठ मीटर त्यात धरलेले नाहीत. रिकामा ट्रॅक्टर चालवून झालेली पायाची सवय भरल्या ट्रॉलीसमोर निरुपयोगी ठरते ती यामुळेच.

उतारावर हिशेब उलटतो

रस्ता उतरता झाला की वजन स्वतःच पुढे ढकलू लागते. प्रत्येक टनामागे प्रत्येक टक्का उताराला दहा किलोग्रॅम-बल, हे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. घाटरस्त्यांवर साधारणतः आढळणारा सहा टक्क्यांचा उतार घेतला, तर बारा टनांवर ७२० किलोग्रॅम-बलाचा ढकल येतो. ब्रेकचे ९०० आणि चाकांच्या रोधाचे २४० मिळून जे ११४० होतात, त्यांतले ७२० केवळ वेग वाढू न देण्यात खर्ची पडतात. थांबण्यासाठी उरतात ४२०. परिणामी ताशी ३० किलोमीटर वेगावरून थांबायला सुमारे १०० मीटर लागतात. रस्ता ओला असेल आणि पकड ४५ टक्क्यांवर आली असेल, तर थांबण्यासाठी जवळजवळ काहीच उरत नाही.

कालव्याच्या भरावावरून उतरणारे, नाल्यात शिरणारे किंवा शेतातून रस्त्याला लागणारे मार्ग अनेकदा दहा टक्के, म्हणजे दहा मीटरला एक मीटर उताराचे असतात. तेथे ढकल १,२०० किलोग्रॅम-बलाचा आणि रोखणारे एकूण बल ११४० चे. अशा ठिकाणी हा ट्रॅक्टर ट्रॉलीला धरूच शकत नाही, मग चालक कितीही कुशल असो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. सपाट रस्त्यावर वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर चौथाई होते, म्हणून ‘हळू चालवा’ हा सल्ला तेथे अचूक आहे. परंतु उताराचा ढकल वेगावर अवलंबून नसतो. धरण्याचे बलच अपुरे असेल तर हळू निघालेली ट्रॉलीही वेग घेत जाते. अशा वेळी वेग नव्हे, वजन कमी करावे लागते.

ढकलणारी ट्रॉली सरळ रेषेत राहीलच असेही नाही. वळणावर ती ट्रॅक्टरच्या मागच्या भागाला बाजूला रेटते आणि दोन्ही वाहने चाकूच्या पात्यासारखी दुमडतात. एकामागे दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागची पुढचीला आणि पुढची ट्रॅक्टरला ढकलते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढून किंवा क्लच दाबून जाण्याची सवय तर अधिकच घातक आहे. इंजिनाचा रोध त्यामुळे नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि वेग वाढल्यावर पुन्हा गिअर पडेलच याचीही खात्री नसते.

चढावरील धोका

चढावर प्रश्न निराळा असतो. दहा टक्के चढावर हाच जोड ओढण्यासाठी १,४४० किलोग्रॅम-बल लागते, तर मागच्या चाकांची पकड ९०० च्या आसपास असते. चाके जागीच फिरतात. मग काही जण पकड वाढवण्यासाठी साखळी किंवा ट्रॉलीचा दांडा ड्रॉबारऐवजी वरच्या बाजूला बांधतात. ओढ जितक्या उंचीवरून लागते, तितका ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती उलटण्याकडे झुकतो. पुढची चाके उचलली गेल्यावर ट्रॅक्टर मागे पालथा पडायला एक-दीड सेकंद पुरतो आणि तेवढ्या वेळात चालकाला क्लच दाबणेही जमत नाही. जोडणी नेहमी ड्रॉबारलाच असावी. वळणे ताब्यात राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असणे आवश्यक मानले जाते.

मग वास्तव आकडा कोणता?

अनेक ट्रॅक्टर उत्पादकांच्या चालक-पुस्तिकांत याचे उत्तर दिलेले असते. पुस्तिका मात्र बहुधा कपाटात राहते. त्यांतील प्रचलित मर्यादा अशी: ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचे मालासह वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक नसावे आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत असावा. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतील तर हे प्रमाण साडेचार पटींपर्यंत आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. या कमाल मर्यादा आहेत. चढ-उतारावर किंवा ओल्या रस्त्यावर त्यांच्याही खाली राहावे लागते.

आपल्या उदाहरणातील दोन टनांच्या ट्रॅक्टरला ही मर्यादा लावली, तर ब्रेकविना ट्रॉलीचे एकूण वजन तीन टन ठरते. प्रत्यक्षात मात्र तो दहा टन ओढत असतो. तीन टनांच्या ट्रॉलीसह हाच ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर ताशी ३० वरून सुमारे १८ मीटरमध्ये थांबतो आणि दहा टक्के उतारावरही ट्रॉलीला सहज धरून ठेवतो. पुस्तिकेतील आकडा अतिसावध वाटला तरी तो भौतिकशास्त्राला धरून आहे.

यावर वाहतूकदाराचा आक्षेप रास्त असतो. वाहतुकीचा दर टनावर मिळतो, कारखान्याच्या आवारात खेपेगणिक तास-तास मोडतात आणि डिझेल प्रत्येक खेपेला लागते. तीन टनांच्या खेपा करून उचल फेडणे कोणालाही शक्य नाही. म्हणूनच केवळ ‘जास्त भरू नका’ असे सांगून विस्ताराचे काम पूर्ण होत नाही. या कोंडीतून मार्ग काढणारी गोष्ट म्हणजे ट्रॉलीचे ब्रेक. दोन टनांच्या ट्रॅक्टरची मर्यादा त्यामुळे तीन टनांवरून नऊ टनांवर जाते. नऊ टनांच्या ट्रॉलीच्या चाकांवर तिच्या वजनाच्या ३० टक्के एवढे ब्रेकबल मिळाले, तर सहा टक्के उतारावरही ताशी ३० वरून सुमारे १२ मीटरमध्ये थांबता येते. ब्रेकविना दहा टनांसह त्याच उतारावर लागणारे १०० मीटर आठवावेत. स्थानिक कारागिराकडून ट्रॉली बनवून घेताना पत्र्याची जाडी आणि टायरचा दर्जा यांची चौकशी होते, पण ब्रेकचा विषय क्वचितच निघतो. ट्रॅक्टरचा वेग कमी होताच ट्रॉलीच्या धक्क्याने आपोआप लागणारे ब्रेक किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे ब्रेक बसवता येतात. एका अपघाताच्या खर्चाशी तुलना केली तर हा खर्च मोठा नाही.

कायद्याची बाजूही येथे नोंदवणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावर नमूद एकूण वजनापेक्षा अधिक भार नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र प्रमाणपत्रावरील वजन त्या ट्रॉलीपुरते असते. तिच्यापुढे कोणता ट्रॅक्टर जोडला आहे आणि तो तिला थांबवू शकेल का, हे त्यात पाहिले जात नाही. ती जबाबदारी मालकाची आणि चालकाची राहते.

फवारणी यंत्र आणि पाण्याची टाकी

हा प्रश्न केवळ ऊस वाहतुकीचा नाही. द्राक्ष आणि डाळिंब बागांत वापरले जाणारे ओढत न्यायचे ब्लोअरही याच कसोटीला उतरले पाहिजेत. हजार लिटर द्रावणाचे वजन एक टन होते. टाकी, पंखा आणि चौकट धरून यंत्र सुमारे १.३ टनांवर जाते. त्यापुढे जोडलेल्या लहान ट्रॅक्टरचे वजन बहुधा ८०० ते १,००० किलोग्रॅम असते. म्हणजे भरलेला ब्लोअर दीडपटीच्या मर्यादेला टेकलेला किंवा ती ओलांडलेला असतो आणि बागेतील बांध, चर व उतार वेगळेच.

द्रवाचा आणखी एक दोष आहे. पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट भरलेली टाकी अधिक अस्थिर असते, कारण पाणी वळणावर एका बाजूला आणि ब्रेक लावताना पुढे उसळते. ट्रॅक्टरने ओढल्या जाणाऱ्या पाण्याच्या टँकरलाही हेच लागू पडते. फवारणी यंत्र उलटले तर चालकाच्या जिवाबरोबरच कीटकनाशकाचे द्रावण नाल्यात किंवा विहिरीत जाण्याचा धोका असतो. म्हणून तयार द्रावण घेऊन रस्त्याने जाण्याऐवजी यंत्र रिकामे न्यावे आणि द्रावण बागेजवळ, पाण्याच्या स्रोतापासून दूर तयार करावे. टाकीत आडवे पडदे असलेले यंत्र निवडणे केव्हाही हिताचे.

गावपातळीवर करावयाची तपासणी

या साऱ्या हिशेबासाठी महागडे उपकरण लागत नाही. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्याची पावती प्रत्येक वाहतूकदाराच्या खिशात असते. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या बैठकीत ती पावती समोर ठेवून पुढील गोष्टी करून घ्याव्यात.

• ट्रॅक्टरचे एकट्याचे वजन काट्यावर एकदा करून घ्यावे. भरलेल्या जोडाच्या वजनातून ते वजा केल्यावर ट्रॉलीचे खरे एकूण वजन मिळते.
• ट्रॉलीच्या वजनाला ट्रॅक्टरच्या वजनाने भागावे. ब्रेक नसताना उत्तर १.५ पेक्षा आणि ब्रेक असताना ४.५ पेक्षा जास्त आल्यास भार कमी करावा किंवा अधिक वजनाचा ट्रॅक्टर जोडावा. दोन ट्रॉल्या असतील तर दोहोंचे वजन एकत्र धरावे.
• नेहमीच्या मार्गावरील सर्वांत तीव्र उतार निश्चित करावा. भार सपाट रस्त्यावरून नव्हे, त्या उतारावरून ठरवावा.
• रस्त्याला लागण्यापूर्वी डावे आणि उजवे ब्रेक पेडल खटक्याने एकत्र जोडावे. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले पेडल रस्त्यावर दाबले गेल्यास ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो.
• ड्रॉबारची पिन, तिचा लॉक आणि सुरक्षा साखळी रोज तपासावी. पिनेच्या जागी सळई वापरू नये.
• उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर गिअर बदलू नये आणि क्लच दाबून ठेवू नये.
• ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या आणि चालू स्थितीतील दिवे असावेत. ऊस किंवा भुसा त्यांवर लोंबकळणार नाही याची दक्षता घ्यावी.

ट्रॅक्टर निवडतानाही हीच दृष्टी ठेवावी लागेल. समान अश्वशक्तीच्या दोन ट्रॅक्टरांपैकी ज्याचा मुख्य उपयोग वाहतुकीचा असेल, तो अधिक वजनाचा असणे श्रेयस्कर. हलका ट्रॅक्टर डिझेल वाचवतो आणि जमीन कमी दाबतो, म्हणून मशागतीत तो गुणी ठरतो. भरल्या ट्रॉलीपुढे मात्र तोच गुण उणेपणा होतो. गावातील बैठकीत ‘हा किती टन ओढतो?’ असा प्रश्न आला की कार्यकर्त्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात: ट्रॅक्टरचे वजन किती आणि ट्रॉलीला ब्रेक आहेत का. ती उत्तरे हाती आल्यावर टनांचा आकडा शेतकऱ्याला स्वतःलाच काढता येतो.